जास्वंदीवरचं पीठ

आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर एका सकाळी पीठ सांडलेलं दिसलं. पहिला संशय अर्थातच माझ्यावर. "अहो, पीठ काय गॅलरीत चाळायचं असतं?" गेल्या वीस वर्षांत मी चाळणीला हात लावलेला नाही, हा बचाव ग्राह्य धरला गेला नाही. उलट तो स्वतंत्र गुन्हा ठरला.

मग तज्ज्ञ जमले. तळमजल्यावरचे काका लांबूनच म्हणाले, "भुरी! गंधक मारा." समोरच्या वहिनी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आल्या. आणि रोपं विकणाऱ्याने तर पानही न बघता कवटीचं चित्र असलेली बाटली माझ्या हातात ठेवली. तिघांत वहिनीच बऱ्या. त्यांच्या औषधाने निदान कुणी मरत तरी नाही!

माझं भांडण आहे ते या घाईशी. अहो, डॉक्टरसुद्धा आधी जीभ दाखवायला सांगतो. मग झाडाचं पान उलटून बघायला काय हरकत आहे? मी उलटलं. ते पीठ चालत होतं! हा पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पितो आणि उरलेली साखर चिकट थेंबांनी खालच्या पानांवर टाकतो. त्या साखरेवर काळी बुरशी चढते. मुंग्या तीच साखर खातात आणि मोबदल्यात ढेकणांची राखण करतात. अंगावर मेणाचा कोट असल्यामुळे फवारा ढेकणांवरून बराचसा ओघळून जातो.

तो लागतो भलत्यालाच. त्या पिठात एक ढेकूण जरा थोराड आणि चपळ दिसला. नीट बघितलं, तर तो भाऊबंदांनाच खात होता! ती होती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी, ढेकणाच्याच वेषात. अशीच पांढऱ्या झालरीची एक जात १८९८ साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणली गेली. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली आपल्याकडे आढळला, तोही पुढे आटोक्यात आणला तो २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या चिमुकल्या गांधीलमाश्यांनी. आणि मी बाटलीचं बूच उघडून आपल्याच पोलिसाला गोळी घालायला निघालो होतो.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं काका विचारतात. काका सकाळचं वर्तमानपत्र दोनदा वाचतात. अळी नसलेल्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार, हट्टी ढेकणांना स्पिरिटचा बोळा, फारच माजलेली फांदी छाटून पिशवीत बंद, आणि मुंग्यांची वाट अडवणं. एवढ्याला पाऊण तास लागला. बाटली परत केली. पैसे परत मिळाले नाहीत, ती माझ्या अज्ञानाची फी.

आता रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन पानं उलटून बघतो. परवा सौ. म्हणाली, "झाडावरचं पीठ इतकं बारकाईने बघता, आता डब्यातलंही एकदा चाळून बघा. त्यातही काहीतरी चालतंय!"