चाळीस थाऊंनी इंजिन परकं होत नाही

गॅरेजच्या पाटीवर ‘ओव्हरहॉलिंग’ हा शब्द नागपूरपासून दुर्गपर्यंत सारखाच रंगवलेला असतो आणि मिस्त्रीच्या तोंडी त्याचा अर्थही एकच असतो: इंजिन उतरवायचं, पूर्ण खोलायचं, धुवायचं, मापायचं, झिजलेलं काढायचं आणि पुन्हा बांधायचं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि मोटारींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, तेव्हा हाच शब्द कायद्यात शिरला, पण दोषाच्या अर्थानं. गाडी मूळ रूपात राखलेली हवी, तिचं मोठं ओव्हरहॉल झालेलं नसावं, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात केलेला बदल या ओव्हरहॉलमध्येच धरावा, असा त्या व्याख्येचा आशय आहे. नियमाचा हेतू मला मान्य आहे. जुन्या पत्र्याखाली नवी यंत्रं दडवून वारसा म्हणून मिरवणाऱ्या गाड्यांना व्हिंटेज नंबरप्लेट मिळू नये. पण दुरुस्ती आणि बदल एकाच शब्दात कोंबले की ज्यानं गाडी सर्वांत निष्ठेनं सांभाळली तोच अडचणीत येतो. जुनं इंजिन मापानं पुन्हा बांधणं हा बदल नव्हे, ते त्याचं जतन आहे, एवढंच मला इथं मांडायचं आहे. आणि ते मांडायला भिलाईतलं रुआबांधा ही फार योग्य जागा आहे, कारण झीज आणि माप यांची भाषा भिलाईच्या टाउनशिपमधल्या घराघरांत पाळीच्या डब्याबरोबर येत-जात आली आहे.

उदाहरण एमजीएचं घेऊ. एमजी म्हटलं की आज लोकांना गुजरातमधल्या हालोलला बनणाऱ्या उंच गाड्या आठवतात, पण एमजी म्हणजे मुळात मॉरिस गॅरेजेस, आणि १९५५ साली अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेली एमजीए ही त्यांची बुटकी, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. १९६२ पर्यंत अशा एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या झाल्या. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तोही १९५५ सालीच, फेब्रुवारीत. एमजीएच्या बॉनेटखाली १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं, ऑस्टिननं आखलेलं, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ओतीव लोखंडाचंच हेड, ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट आणि वर पुशरॉड. भारतीय वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटायला हवा. उत्तरपाऱ्याला हिंदुस्थान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्डवरून अ‍ॅम्बॅसडर काढली, तिला सुरुवातीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन काढून १९५९ च्या सुमारास जे ओव्हरहेड व्हॉल्व्हचं इंजिन दिलं ते हेच, १४८९ सीसी बी-सिरीज. बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९. म्हणजे इंग्लंडच्या वळणदार रस्त्यांवर तरुणांनी पळवलेली ती लाल गाडी आणि कलेक्टर कचेरीसमोर उभी असलेली आपली पांढरी गाडी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. एमजीएला जोडीनं दोन एसयू कार्बोरेटर, तापट कॅम आणि अधिक कॉम्प्रेशन. अ‍ॅम्बॅसडर शांत, ओझं ओढणारी. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं आणि ट्रायम्फ स्पिटफायरचं नातंही असंच एका घराण्यातलं. तेव्हा ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन बांधायची विद्या आपल्याकडे परदेशातून आणावी लागत नाही. अ‍ॅम्बॅसडरच्या मिस्त्रीकडे ती आहे, इंची पान्यांच्या त्याच पेटीत.

आता पुनर्बांधणीत नेमकं काय होतं ते पाहायला हवं, कारण सगळा वाद तिथं सुटतो. सिलिंडर सरळ झिजत नाही. वरची रिंग जिथं थांबून मागे वळते त्याच्या किंचित खाली तो सर्वांत जास्त झिजतो, कारण तिथं जळत्या वायूचा दाब सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टन एका बाजूला रेटला जातो, म्हणून गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. अगदी वर, जिथं रिंग पोचतच नाही, तिथं मूळ मापाची एक कड शिल्लक राहते. ती बोटाच्या नखाला लागली की मिस्त्री मान हलवतो. बोअर-गेज घालून वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यायचं. चार सिलिंडरांची चोवीस मापं कागदावर उतरवायची. ही मापं थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. माणसाचा एक केस साधारण दोन-तीन थाऊ जाड. झीज किती, यावरून पुढचं ओव्हरसाइझ माप ठरतं: दहा, वीस, तीस किंवा चाळीस. जो उतावळा आहे तो नुसत्या नव्या रिंगा घालून मोकळा होतो, आणि नवी, धारदार रिंग त्या कडेवर आपटून तुटते. क्रँकचंही तसंच. जर्नल लंबगोल झालं असेल तर ते ग्राइंड करून दहा किंवा वीस थाऊ बारीक करायचं आणि त्या मापाची बेअरिंग घालायची. पण जर्नलच्या कडेची छोटी गोलाई ग्राइंडिंगमध्ये जशीच्या तशी राखावी लागते, ती काटकोनात कापली गेली तर भेग तिथूनच सुरू होते. एमजीएच्या क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत, म्हणून इथं हयगय चालत नाही. मागच्या मेन बेअरिंगला रबरी सीलही नाही, शाफ्टवर कोरलेली आटीच तेल परत आत ओढते. नीट बांधलेल्या इंजिनाखालीही जमिनीवर थोडं तेल दिसलं तर ते त्या रचनेचं लक्षण आहे. यातलं एकही काम इंजिनाला नवा गुण देत नाही. दोन भागांमधलं अंतर आखणाऱ्यानं जेवढं ठरवलं होतं तेवढं परत आणायचं, इतकंच ते काम आहे.

हे भिलाईत पटवून द्यावं लागू नये. रोलिंग मिलमधले रोल तापलेलं पोलाद दाबून दाबून झिजतात, त्यांच्या खाचा पसरतात. तेव्हा रोल फेकत नाहीत. तो रोल टर्निंग शॉपमध्ये जातो, लेथवर त्याची कातडी उतरते, खाच पुन्हा मापात येते, आणि व्यास जेवढा कमी झाला तेवढी मिलमध्ये जुळवणी होते. असं ठरलेल्या किमान व्यासापर्यंत वारंवार चालतं. इंजिनाच्या बोअरिंगचं तत्त्व हेच, फक्त उलट्या बाजूनं: रोल बारीक होत जातो, सिलिंडर रुंद होत जातो, आणि दोघांनाही एक शेवटची मर्यादा असते. झोतभट्टीचं पाहा. आतलं विटांचं अस्तर खाऊन गेलं की भट्टी बंद करतात, रिकामी करतात, नवं अस्तर चढवतात, थंड ठेवणारे भाग बदलतात. कारखान्याच्या भाषेत त्याला ‘कॅपिटल रिपेअर’ म्हणतात. पण अस्तर बदललं म्हणून कोणत्याही भट्टीचा नंबर बदलल्याचं इथल्या कोणा कामगाराच्या मनातही येणार नाही. भट्टीची ओळख तिच्या पायात, कवचात आणि उंचीत असते. अस्तर हे झिजण्यासाठीच घातलेलं असतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन हे इंजिनाचं अस्तर आहे. ब्लॉक, हेड, क्रँक आणि रॉड हे त्याचं कवच.

यावर एक रास्त शंका येते. ओढून ताणून एवढं मूळ-मूळ म्हणायचं, पण बोअर केल्यावर इंजिनाची क्षमताच बदलते, मग कागदावरचं १४८९ खरं कसं? हिशेब करून पाहू. चाळीस थाऊ म्हणजे १.०१६ मिलिमीटर. बोअर ७४.०४ झाला की क्षमता साधारण १५३१ सीसी होते. बेचाळीस सीसीची वाढ, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, आणि तीही अनेक वर्षं चालून, टप्प्याटप्प्यानं शेवटच्या मापाला पोचल्यावर. ही वाढ कोणी ताकदीसाठी केलेली नसते. निर्मात्यांनीच ओव्हरसाइझ पिस्टन सुट्या भागांत ठेवले होते, म्हणजे इंजिन आखतानाच त्याचं म्हातारपण त्यांनी हिशेबात धरलं होतं. त्या टप्प्यांच्या आत राहणारं इंजिन मूळच मानावं, त्याबाहेर गेलेलं मानू नये, ही रेषा पुरेशी स्पष्ट आहे. चाळीसच्याही पुढे भिंत पातळ झाली असेल तर स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर येता येतं, आणि ब्लॉक तोच राहतो.

दुसरी शंका जरा अवघड आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशाचा थर जुन्या लोखंडी सीटवर व्हॉल्व्हला गादीसारखा आधार द्यायचा. तो गेला की जोरात चालवलेल्या गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो. म्हणून हेड खोललंच आहे तर कठीण पोलादाच्या सीट बसवतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलही आलं, त्यानं जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचे पडदे फुगतात, म्हणून तेही इथेनॉल सोसणारे घालावे लागतात. हा तर बदल झाला, असं कोणी म्हणेल, आणि शब्दशः तो आहेच. तरीही मी तो जतनातच धरीन. बाहेरून दिसत नाही, इंजिनाची चाल, आवाज, ताकद बदलत नाही, आणि न केला तर आज पंपावर मिळणाऱ्या इंधनावर मूळ हेडच नष्ट होतं. वाड्याच्या जुन्या तुळईला वाळवीचं औषध पाजलं म्हणून तुळई नवी ठरत नाही.

खरा मतभेद आहे तो इंजिनच बदलून टाकणाऱ्यांशी. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं आहे: आजचं जपानी इंजिन घाला, गाडी उन्हात तापणार नाही, धूर कमी होईल, सुटे भाग नाक्यावर मिळतील. खुद्द हिंदुस्थान मोटर्सनं नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बॅसडरला इसुझूचं १८०० सीसी इंजिन दिलंच ना? दिलं, आणि ते योग्यच होतं, कारण अ‍ॅम्बॅसडर तेव्हा रोज धावणारी, विकली जाणारी गाडी होती. २०१४ पर्यंत ती बनत राहिली. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसतेच, नियमही तिला प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर येऊ देतो. वर्षाकाठी थोडंसंच अंतर धावणाऱ्या गाडीच्या धुराचा मुद्दा फारसा उरत नाही. आणि जुनं इंजिन ‘जपून ठेवलंय’ म्हणून कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलं तर छत्तीसगढच्या एका पावसाळ्यात उघड्या सिलिंडरला गंज चढतो. कपाटात ठेवून इंजिन टिकत नाही. तेल फिरलं, पाणी तापलं, तरच ते टिकतं.

याहून फसवा मोह नात्यातलाच आहे: एमजीएचा ब्लॉक तडकला की अ‍ॅम्बॅसडरचा अख्खा ब्लॉक बसवावा. सीसी तेच, घराणं तेच, आणि मिळायलाही सोपा. इथं मी ठाम नाही म्हणेन. विद्या उसनी घ्यावी, काही बारीक सुटे भागही तपासून घ्यावेत, पण ब्लॉकवरचा नंबर ही त्या गाडीची जन्मखूण आहे. ओतीव लोखंडाची भेग मेटल स्टिचिंगनं शिवता येते. काम वेळखाऊ आणि खर्चिक आहे, तरी आधी ते करून पाहिलं पाहिजे.

हे सगळे श्रीमंतांचे छंद, असंही म्हटलं जाईल. गाडी श्रीमंताची असू शकते, पण तिच्यावर चालणारा हात त्याचा नसतो. आजच्या मोटारींचे बरेचसे ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचे. बिघडले की ते सहसा बोअर करत नाहीत, अर्धं इंजिनच बदलतात. ट्रॅक्टरमध्ये सहसा बदलता येणारे लायनर असतात. त्यामुळे ओतीव ब्लॉक हजाराव्या भागापर्यंत बोअर करणारा, होनिंगची तिरकी जाळी नेमक्या कोनात उमटवणारा, कानानं टॅपेट ओळखणारा कारागीर अ‍ॅम्बॅसडरबरोबरच निवृत्त होतो आहे. या जुन्या गाड्या त्याला काम देतात. तो हात शिल्लक राहिला तर उद्या जुन्या कारखान्यातल्या, जुन्या पंपावरच्या, ज्यांचे सुटे भाग बनणं बंद झालं आहे अशा यंत्रांनाही तो लागेल. पोलादाच्या गावाला हे सांगायला नको.

म्हणून नियमात दोन ओळींची भर हवी. निर्मात्यानं ठरवलेल्या ओव्हरसाइझ-अंडरसाइझ मापांच्या आत, मूळ ब्लॉक आणि मूळ नंबर राखून केलेली इंजिनाची पुनर्बांधणी ही ‘बदल’ नव्हे, आणि तिची नोंद हा मूळपणाचा पुरावा मानावा. नोंद म्हणजे फार काही नाही. एक पान पुरतं: ब्लॉकचा नंबर, चारही सिलिंडरांची खोलतानाची आणि बांधतानाची मापं, क्रँकच्या जर्नलची मापं, कोणत्या साइझचे पिस्टन आणि बेअरिंग घातले, हेडला सीट बसवल्या की नाही, तारीख, आणि खाली मिस्त्रीची सही. दुर्गच्या आरटीओत सीजी आणि व्हीए या अक्षरांच्या व्हिंटेज प्लेटसाठी वीस हजार रुपये भरताना मालक ते पान अर्जाला जोडेल. दहा वर्षांनी पाच हजार भरून नूतनीकरण करताना दुसरं पान जोडेल, आणि पहिल्या पानावर बोअर वीस थाऊ असेल तर दुसऱ्यावर तो तेवढाच आहे की तीसवर गेला, हे अधिकाऱ्याला बॉनेट न उघडताही वाचता येईल.