दान नव्हे, ऋणफेड

येत्या ३० सप्टेंबरला कॅनडातील शाळांतून व कचेऱ्यांतून नारिंगी सदरे दिसतील. १९७३ साली फिलिस वेबस्टॅड ह्या सहा वर्षांच्या मुलीला आजीने घेऊन दिलेला नवा सदरा निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला, त्याचे हे स्मरण होय. २०२१ पासून हा दिवस तेथे सत्य व सलोखा दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने नगरोनगरी निधी गोळा होतो. हे दान कसे असावे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

ह्या शाळांतून शंभरांहून अधिक वर्षे सुमारे १,५०,००० मूलनिवासी मुले आईबापांपासून व मातृभाषेपासून तोडली गेली. पैसा सरकारचा आणि कारभार बहुतांशी चर्चसंस्थांचा होता. चिंतनीय गोष्ट ही की, तो सारा खटाटोप उद्धाराच्या नावाखालीच चालला होता. ज्यांना परोपकाराने इतके पोळले, त्यांच्यापुढे पुन्हा उपकारकर्त्याच्या थाटात हात पुढे करणे म्हणजे जुन्याच जखमेवर मीठ चोळणे होय.

म्हणूनच व्हिक्टोरिया शहराचा उपक्रम आम्हांस लक्षणीय वाटतो. तेथील घरमालकांना २०२२ पासून घरपट्टीबरोबर स्वेच्छेने काही अधिक रक्कम भरता येते. ती रक्कम, ज्यांच्या भूमीवर ते शहर वसले, त्या साँगीज व एस्क्वायमॉल्ट ह्या मूलनिवासी समाजांकडे जाते. भाडेकरूने मालकाचे देणे स्मरावे, तशी ही भावना आहे. देणाऱ्याने हिशेब मागत बसू नये. भाषावर्ग काढावा की वृद्धांची सोय पाहावी, हे घेणाऱ्यानेच ठरवावे.

अशा देणग्यांनी सरकारला मोकळे रान मिळेल, ही शंका अगदीच निराधार नाही. जमिनीचे हक्क आणि करारांचे पालन ही राज्यसत्तेची कर्तव्ये आहेत. वर्गणीच्या डब्यातून ती पार पडावयाची नाहीत. सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली पुढे ठेवलेल्या ९४ सूचनांपैकी बहुसंख्य सूचना शासनालाच उद्देशून आहेत. परंतु शासनाचे देणे थकले म्हणून नागरिकाचे माफ होत नाही.

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. आपल्यातील अनेकांची मुले-नातवंडे आज कॅनडात स्थायिक आहेत. ह्याच आयोगाच्या शेवटच्या सूचनेनुसार २०२१ साली तेथील नागरिकत्वाची शपथ बदलली. मूलनिवासींचे हक्क मान्य करण्याचे वचन आता प्रत्येक नवागताला द्यावे लागते. अन्यायाच्या वेळी आम्ही तेथे नव्हतो, हे म्हणणे खरे आहे. पण भरल्या घरात जो वाटेकरी होतो, त्याला त्या घरावरील कर्जाकडेही पाठ फिरविता येत नाही. उच्चारलेल्या शपथेची किंमत अखेर आचरणानेच ठरते.