भोंगा, मैदान आणि मुलांची संध्याकाळ

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ साली या गावाने ग्रामसभेत एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद व्हावेत, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास-वाचन करावे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, असा तो निर्णय. वृत्तपत्रांनी या प्रयोगाचे कौतुक केले, परंतु ते बहुधा एक नवलाची बातमी म्हणून. वस्तुतः या दीड तासामागे शालेय मुलांच्या आरोग्यासंबंधीचा एक मूलभूत सामाजिक विचार आहे आणि तो अधिक गांभीर्याने तपासला पाहिजे.

पडद्यासमोर तासन् तास बसल्याने मुलांचे नुकसान होते, हे आता सर्वत्र बोलले जाते. ते नेमके कसे होते, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. डोळ्यांचे उदाहरण घेऊ. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये तीन वर्षे चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांच्या अखेरीस त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे कमी दिसण्याचा दोष नव्याने जडला. उरलेल्या शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. दिवसाच्या उजेडामुळे डोळ्याच्या अंतःपटलात डोपामीन हे द्रव्य स्रवते आणि नेत्रगोलाच्या अतिरिक्त वाढीला आळा बसतो, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पडदा मुलाला जे देतो त्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो त्याच्याकडून जे हिरावून घेतो ते महत्त्वाचे आहे.

झोपेचेही तसेच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी. रात्री डोळ्यांवर पडणारा निळसर प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव लांबवतो, हे खरे. परंतु त्याहून मोठे कारण असे की या पडद्यावरच्या मजकुराला शेवट नसतो. गोष्टीचे पुस्तक संपते, खेळ अंधार पडला की थांबतो. मोबाइलवरची चित्रफीत संपण्यापूर्वीच दुसरी तयार असते. शरीराच्या हालचालीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमछाक करणारी हालचाल हवी. तो तास दिवसातून कोठून काढायचा, हाच आज घरोघरचा प्रश्न आहे.

मनःस्वास्थ्याविषयी बोलताना अधिक सावध राहिले पाहिजे. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ साली दिलेल्या इशाऱ्यात, समाजमाध्यमांवर दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य व चिंता यांचा धोका दुप्पट दिसतो, असे नमूद केले होते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. एकाकी मूलच पडद्याकडे अधिक वळत असेल, हाही संभव आहे. परंतु ही माध्यमे मुलांसाठी पुरेशी सुरक्षित आहेत असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असेही त्या इशाऱ्यात म्हटले होते. औषध बाजारात येण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे उत्पादकाला सिद्ध करावे लागते. येथे माल आधी मुलांच्या हाती गेला आणि तो घातक असल्याचे सिद्ध करण्याचा भार पालकांवर आला. हा न्याय कोणता?

याचे उत्तर अर्थव्यवहारात सापडते. माहितीची विपुलता झाली की माणसाचे लक्ष हीच दुर्मिळ वस्तू बनते, असा सिद्धान्त हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली मांडला. त्या दुर्मिळ वस्तूचा व्यापार आज जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी काही करीत आहेत. त्या मुलाला काही विकत नाहीत; मुलाचे लक्ष जाहिरातदाराला विकतात. मूल जितका वेळ खिळून राहील तितका नफा. गिरणीच्या धुराने शेजारच्यांच्या कपड्यांवर काजळी बसते, पण तिचा खर्च गिरणीच्या हिशेबात येत नाही, हा पिगू या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलेला खासगी व सामाजिक खर्चातील भेद येथे तंतोतंत लागू पडतो. चष्म्याचा खर्च पालकाचा, अपुऱ्या झोपेने वर्गात पेंगणाऱ्या मुलाची काळजी शिक्षकाची, नफा मात्र कंपनीचा.

असे असूनही उपदेश होतो तो पालकांना, आणि त्यातही आईला. चार घरची धुणीभांडी करून परतलेली आई स्वयंपाक होईपर्यंत लेकराच्या हाती मोबाइल देते, तेव्हा ती बेफिकीर नसते. दहा बाय बाराच्या खोलीत तिला दुसरा पर्यायच नसतो. मुंबईत माणशी दीड चौरस मीटरहूनही कमी मोकळी जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले, तरी गल्लीतल्या इमारतीत भरणाऱ्या शाळांना ते कोठले असणार? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षणाच्या नावाने मोबाइल प्रत्येक घरात अपरिहार्य झाला. शाळा उघडल्या, पण गृहपाठ पुष्कळ ठिकाणी व्हॉट्सॲपवरच राहिला. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. दार शिक्षणाच्या नावाने उघडले गेले आणि आत बाजार शिरला.

मग बंदी हा उपाय आहे काय? चीनने २०२१ साली अल्पवयीनांच्या ऑनलाइन खेळांवर आठवड्याला साधारण तीन तासांची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातील एक गोष्ट घेण्यासारखी आहे : दंड मुलाला वा पालकाला नाही, कंपनीला आहे. भारतात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि प्रमुख तरतुदींसाठी आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कंपन्यांना मुदत मिळते. मुलांचे बालपण मुदत मागू शकत नाही.

येथे मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. गिरणीचा भोंगा कामगाराचा दिवस मालकाच्या हवाली करीत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या चळवळीनंतर १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. प्रत्येक कामगाराने ‘संयम’ शिकून ती मिळाली नाही. एकट्याने सुट्टी घेतली असती तर त्याची नोकरी गेली असती. सर्वांनी मिळून मागितली म्हणून ती हक्क ठरली. वडगावच्या भोंग्याचा अर्थ हाच आहे. शेजारच्या घरात मालिका चालू असताना एकाच घराने टीव्ही बंद ठेवणे कठीण. सारे गाव बंद ठेवते तेव्हा कोणत्याच मुलाला आपण वंचित आहोत असे वाटत नाही.

तथापि गावाच्या निर्धाराने सर्व काही साधणार नाही. सातच्या भोंग्यानंतर वाचन होईल, संवाद होईल. पण डोळ्याला लागणारा उजेड तोवर मावळलेला असतो. तो उजेड मुलांना मिळायचा तर दिवसा खेळायला जागा आणि वेळ हवा, आणि तो देणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे काम आहे. पालिका आणि जिल्हा परिषदांच्या शाळांची पटांगणे सुटल्यावर कुलूपबंद न ठेवता मुलांसाठी खुली करावीत. खेळाचा तास गणिताला देण्याची प्रथा बंद व्हावी. प्राथमिक शाळेतील गृहपाठ वहीतच असावा. दरवर्षी प्रत्येक मुलाचे डोळे तपासले जावेत आणि चष्मा लागल्यास तो विनामूल्य मिळावा. आणि मुलींचा विचार विशेष व्हावा. कारण संध्याकाळी मुलगे मैदानावर जातात तेव्हा त्या पाणी भरीत असतात वा धाकट्याला सांभाळीत असतात. त्यांच्या वाट्याला ना मैदान येते, ना पुस्तक.

या मागण्यांत अशक्य असे काहीच नाही. मोकळ्या जागांवरची आरक्षणे उठवताना ज्या तत्परतेने फायली हलतात, तिच्या निम्म्या तत्परतेनेही हे साधेल. भोंगा वाजवण्याचे काम एका गावाने आपणहून केले. मैदान मोकळे करण्याचे काम ज्यांचे आहे, त्यांना आता गावोगावच्या ग्रामसभांनी आणि प्रभागांतल्या नागरिकांनी जाब विचारला पाहिजे.