शेजाऱ्याची जबान

जेरुसलेममध्ये ‘हँड इन हँड’ची एक शाळा आहे. १९९८ पासून तेथे ज्यू आणि अरब मुले एकत्र शिकतात. लहान वर्गांना दोन शिक्षक असतात. एक अरबी बोलतो, दुसरा हिब्रू.

तरीही पारडे समान नाही. कचेरीत, दवाखान्यात मुख्यतः हिब्रू चालते. म्हणून अरब मुले ती चटकन उचलतात, ज्यू मुलांची अरबी मात्र मागे पडते. २०१८च्या कायद्याने अरबीचा राजभाषेचा दर्जाही गेला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये या शाळेतला पहिलीचा वर्ग पेटवला गेला, भिंतींवर अरबद्वेषी घोषणा लिहिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा भरली.

केवळ शेजारी बसवून इन्साफ मिळत नाही. पण जोरावराचे लेकरू कमजोराची जबान शिकू लागते, तेव्हा त्याचे दुःखही त्याला ऐकू येऊ लागते.