खाट भाड्याने मिळते, सहवास नाही

वसतिगृह ही शिक्षणाची पुरवणी आहे, असे मानणाऱ्यांनी आपला इतिहास पुन्हा चाळावा. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मुहूर्तमेढ रोवली. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. खेड्यातल्या मुलाला पुस्तकाआधी छप्पर लागते, हे दोघांनीही ओळखले होते.

आज पुण्यात प्रवेश मिळतो, वसतिगृहातली खोली थोड्यांनाच. उरलेला विद्यार्थी ‘कॉट बेसिस’वर एक खाट भाड्याने घेतो. दिवसा सत्र परीक्षांचे ओझे, रात्री घरमालकाचे नियम. आडनाव विचारून खोली नाकारणारेही आहेतच. शेजारच्या खाटेवर कोण झोपतो, हे जाणून घेण्याची त्याला उसंत नसते. आणि विद्यार्थी एकलकोंडे झाले म्हणून व्याख्याने झोडतो आपण! हा निव्वळ दांभिकपणा आहे.

परक्याच्या ताटाशेजारी आपले ताट मांडणे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ते वसतिगृहातच शिकता येते. म्हणून नव्या तुकडीची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक संस्थेला प्रथम विचारले पाहिजे: मुले राहणार कोठे?