विश्लेषण : कानामागचे यंत्र लाखांदुरात बंद पडले तर?

मेंदूत चिप बसवलेला तरुण नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळतो, ही चित्रफीत 2024 मध्ये आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेली. कंपनी होती इलॉन मस्क यांची न्यूरालिंक. अंधांना दृष्टी आणि लकवा झालेल्यांना हालचाल परत देऊ, असे सांगणाऱ्या आणखी कितीतरी नव्या कंपन्या त्या वाटेवर आहेत. या सगळ्याशी भंडाऱ्याचा काय संबंध, असे वाटेल. पण याच जातीचे सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी यंत्र सरकारी योजनांमधून खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत केव्हाच पोहोचले आहे. त्याचे नाव कॉक्लियर इम्प्लांट.

हे यंत्र नेमके काय करते?

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. कॉक्लियर इम्प्लांट बिघडलेला आतला कान ओलांडून थेट श्रवणाच्या चेतातंतूला विजेचे बारीक संकेत देते. कानामागे प्रोसेसर, डोक्याला चुंबकाने चिकटलेली कॉइल, त्वचेखाली रिसीव्हर आणि तिथून शंखासारख्या अंतर्कर्णात गेलेली बारीक तार, अशी ही रचना. अमेरिकेत त्याला 1984 मध्ये पहिली मान्यता मिळाली. हे संकेत म्हणजे शब्द नव्हेत. त्यांचा अर्थ लावायला मेंदूला शिकावे लागते, आणि ते शिकण्याचे वय लहान असते. म्हणून बाळाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे.

शस्त्रक्रियेनंतर काय?

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत 2014 पासून एका इम्प्लांटसाठी 6 लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. मुंबईची अली यावर जंग संस्था तिचे काम पाहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या-शाळांमध्ये मुले तपासतात. हे मोठे काम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण शस्त्रक्रिया ही फक्त सुरुवात असते. जखम भरल्यावर यंत्र सुरू करायचे, मग मुलाच्या प्रतिसादाप्रमाणे संकेत कमी-जास्त करायचे. याला मॅपिंग म्हणतात आणि पहिल्या वर्षात ते अनेकदा करावे लागते. सोबत वर्षानुवर्षे वाचा-श्रवण प्रशिक्षण. शस्त्रक्रियेचा फोटो वर्तमानपत्रात येतो, मॅपिंगचा येत नाही. यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहेच.

आता हे लाखांदूर तालुक्यातून करून पाहा. नागपूर शंभर किलोमीटरहून लांब. रोवणीच्या दिवसांत आई मुलाला घेऊन एसटीत बसली की तिची रोजी बुडाली, आणि बापही सोबत असेल तर दोघांची. कॉइलची वायर तुटते, बॅटरी संपते, पावसाळ्यातली ओल आणि उन्हाळ्यातला घाम प्रोसेसरमध्ये शिरतो. रात्री तो ओल शोषणाऱ्या गोळीसोबत डबीत ठेवायचा असतो, हे शस्त्रक्रियेच्या गडबडीत एकदा सांगून भागत नाही. हमीची मुदत संपली की सुटे भाग घरच्या खर्चाने आणायचे. ते परक्या कंपनीचे असतात आणि एकीचे दुसरीला चालत नाहीत. वायरीसाठी पैसे साठेपर्यंत यंत्र कपाटात राहते आणि तेवढे दिवस मूल पुन्हा बहिरे असते.

आणि कंपनीच बंद पडली तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. कॅलिफोर्नियाच्या सेकंड साइट कंपनीने ‘आर्गस 2’ नावाचा कृत्रिम नेत्रपटल बनवला. 2013 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत दीड लाख डॉलरच्या घरात. जगभरात 350 हून अधिक लोकांच्या डोळ्यांत तो बसला. 2019 मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी घरी पाठवले. ज्यांच्या डोळ्यांत यंत्र होते, त्यांना सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेनाशी झाली. शरीरात राहून गेलेले बंद यंत्र काढायलाही शस्त्रक्रियाच लागते. श्रीमंत देशातल्या रुग्णांची ही गत. न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णातही काही आठवड्यांत अनेक बारीक तारा जागेवरून सरकल्या. कंपनीला आज्ञावली बदलून काम भागवता आले, कारण ती जागेवर होती.

मग नव्या कंपन्या नकोतच का? तसे मुळीच नाही. बेंगळुरूच्या सोहम इनोव्हेशन लॅबने नवजात बाळांची श्रवणतपासणी करणारे उपकरण 2017 मध्ये आणले. बाळाच्या डोक्यावर तीन इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का, ते पाहायचे. टाके नाहीत, भूल नाही. माझ्या मते भंडाऱ्याला चिपहून आधी हे हवे. कमी वजनाची, तीव्र काविळीची, अतिदक्षता कक्षात राहिलेली बाळे बहिरेपणाच्या जास्त धोक्यात असतात. जिल्हा सामान्य रुग्णालयाचा तो कक्ष म्हटले की 9 जानेवारी 2021 ची आग आणि त्यात गेलेली 10 बाळे आठवतात. यंत्र विकत घेणे आणि यंत्र सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या जिल्ह्याला तरी नव्याने सांगावे लागू नये.

करता येण्यासारखे बरेच आहे. मॅपिंग आता इंटरनेटवरून दूरस्थही होते. भंडारा, तुमसर आणि साकोलीच्या सरकारी रुग्णालयांत एक प्रशिक्षित ऑडिओलॉजिस्ट, एक संगणक आणि सुट्या भागांचे एक कपाट असले तर नागपूरच्या कितीतरी फेऱ्या वाचतील. सरकारी पैशाने इम्प्लांट घेताना निविदेतच किमान दहा वर्षे सुटे भाग आणि दुरुस्तीची अट घालता येते. कंपनी विकली गेली किंवा बुडाली तर यंत्राची तांत्रिक माहिती सरकारकडे यावी, हीही अट घालता येते. हृदयाच्या स्टेंटच्या किमतींना 2017 मध्ये लगाम घातला तेव्हाही कंपन्या कुरकुरल्याच होत्या.

केंद्राने 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हा विषय हाती घेतला, त्यासाठी पोर्टलही काढले. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची यंत्रे घेतली. म्हणजे पवनीच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा विचार झाला. त्याच्या लेकीच्या कानामागचा प्रोसेसर त्या यादीत नाही.