परिपत्रकाचे दुसरे पान



आमच्या घरात भिंतीवर दोन पदवीपत्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत. एक आमचे, बी.कॉम.चे, त्यावर नुसते ‘पुणे विद्यापीठ’ असे आहे. दुसरे पुतणीचे. त्यावर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे आहे. आमच्या आईला अक्षरओळख बेताचीच, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दुसऱ्यापाशी नेते आणि बोट ठेवून ‘सावित्री’ एवढे वाचून दाखवते. आमच्या पदवीपत्राकडे कुणी बघत नाही, याची आम्हाला आता सवय झाली आहे.

हे नाव 2014 साली आले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडले. मधल्या वर्षांत किती वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारखे किती जीव गेले, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुण्यात तसे काही झाले नाही. 10 फेब्रुवारी 1949 रोजी स्थापन झालेल्या, गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यात भरलेल्या या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव शांतपणे मिळाले. 2022 साली मुख्य इमारतीपाशी त्यांचा पुतळाही उभा राहिला. आनंदच आहे. पण दारावर नाव आपले लागले म्हणून आतले सगळे कागद आपल्या बाजूचे झाले, असे समजून चालत नाही.

तळवडे, रुपीनगर, चिखलीकडच्या आपल्या लोकांना विद्यापीठ म्हणजे औंधच्या रस्त्यावरचे मोठे आवार वाटते. ‘तिथं आपलं काय काम?’ असे विचारतात. काम आहे. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या तीन जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजे याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या कॉलेजांत जाणारी आपली मुले परीक्षा देतात ती बहुतेक याच विद्यापीठाची. तिथून निघालेले परिपत्रक चार-आठ दिवसांत तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या फलकावर टाचणीने लागते. आम्ही पोटापाण्याला कारकून. अशी परिपत्रके आणणे, लावणे आणि काढणे यात आमची उमर गेली. म्हणून आजचे हे सदर परिपत्रकांवरच.

2017 सालची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्यायच्या एका सुवर्णपदकासाठी विद्यापीठाने कॉलेजांकडून अर्ज मागवले. शेलार कुटुंबीयांच्या देणगीतून दिले जाणारे हे पदक. परिपत्रकात अटींची यादी होती. अभ्यासात हुशार हवा, खेळात पुढे हवा, योगासने-प्राणायाम करणाऱ्याला प्राधान्य. आणि त्यातच एक अट अशी की विद्यार्थी शाकाहारी व निर्व्यसनी असावा.

निर्व्यसनी असावा, याला आमची हरकत असण्याचे कारण नाही. पाचवे शील आपण रोजच घेतो. पण घरी रविवारी सुकट शिजते की बोंबील, याचा एम.एस्सी.च्या गुणांशी संबंध काय? आपल्याच नव्हे, मराठा, माळी, कोळी, मुसलमान, ख्रिस्ती, आदिवासी, किती घरांतली मुले त्या एका ओळीने बाहेर पडत होती! नोव्हेंबर महिन्यात हे वर्तमानपत्रांत आले, विद्यार्थी संघटना उठल्या, राजकीय पक्षांची मंडळी बोलू लागली आणि विद्यापीठाला ते परिपत्रक बाजूला ठेवावे लागले.

आता यातली खरी बोचणारी बाब ऐका. ती अट त्याच वर्षी नव्याने घातलेली नव्हती. अटी देणगीदारांच्या, आमच्या नव्हेत, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. आणि त्या आधीपासून कागदावर होत्या. म्हणजे असा कागद कॉलेजांत पोचत होता, फाइलला लागत होता, कुणी तरी त्यावर सहीही करत होते. वाचत मात्र कुणी नव्हते. आमच्यासारख्या कारकुनांनीच ते आधी वाचायला हवे होते. आम्ही विषय वाचतो, अंतिम तारीख वाचतो, जावक क्रमांक टाकतो आणि पुढचा कागद घेतो. हा दोष आम्ही आमच्या पदरात घेतो.

पैशाबरोबर अट येते, हे बाबासाहेबांइतके कुणाला ठाऊक होते? 4 जून 1913 रोजी त्यांनी बडोदा सरकारच्या करारावर सही केली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट त्यात होती. ती वाचून, समजून त्यांनी सही केली आणि कोलंबियाला गेले. पुढे 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, तेव्हा चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी त्यांनी आधी मिळवली, मगच बोटीत बसले. 1920 साली ते परत गेले, ते त्या परवानगीवर. मुदत किती, सवलत कुठवर, हे त्यांनी नीट पाहून ठेवले होते.

आता आमच्या गल्लीतली गोष्ट. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आई जोतिबानगरच्या एका शेडमध्ये पॅकिंगला, वडील चाकणला ठेकेदाराकडे हेल्पर. कॉलेजचे नाव इथे घेत नाही. तिथल्या खिडकीवर मुलीला सांगण्यात आले, तुझी शिष्यवृत्ती काही होत नाही, फी भर, नाही तर हॉलतिकीट मिळणार नाही. आईने बचत गटातून कर्ज काढायचे ठरवले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ती माउली पिशवी घेऊन आमच्यापुढे बसली आणि म्हणाली, “भाऊ, कर्ज काढते, पण पोरीचं नाव कमी होऊ देऊ नका.”

आम्ही आधी त्या मायलेकींना धीर दिला. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत, हेही सांगितले. मग महाडीबीटीवर मुलीचे खाते उघडून पाहिले. अर्ज नामंजूर झालेलाच नव्हता! दुरुस्तीसाठी परत पाठवला होता, कारण उत्पन्नाचा दाखला जोडला होता तो मागच्या सालचा. तसा निरोपही आला होता, पण वडिलांच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिमकार्ड केव्हाच बंद पडले होते.

मुलीच्या मोबाइलमध्ये कॉलेजच्या नोटिशीचा फोटो होता. त्यात लिहिले होते की अर्जाची मुदत संपली. आम्ही विचारले, “बाई, दुसरं पान?” ती म्हणाली, “दुसरं पान होतं, काका, पण गर्दी होती.” सोमवारी आम्ही अर्धा दिवस रजा टाकून फलकापाशी गेलो. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, परत पाठवलेले अर्ज दुरुस्त करून शुक्रवारपर्यंत भरता येतील असे छापले होते.

चार दिवस हातात. उत्पन्नाचा दाखला म्हटला की आपल्या माणसाची खरी परीक्षा. ठेकेदार पगाराची पावती देत नाही, विचारायला गेले तर उद्यापासून येऊ नको म्हणतो. मग स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड, भाडेकरार, तलाठ्याचा अहवाल. आईच्या दोन हजेऱ्या बुडाल्या. मर्यादा अडीच लाखांची. नवरा-बायकोची मिळकत मिळूनही त्याच्या आतच होती. प्रश्न मिळकतीचा नव्हता, ती कागदावर आणण्याचा होता. गुरुवारी संध्याकाळी दाखला हातात पडला आणि रात्री नऊ वाजता त्रिवेणीनगरच्या एका दुकानात बसून अर्ज पुन्हा गेला.

पैसे अजून आलेले नाहीत. अर्ज कॉलेजच्या टेबलावर आहे आणि तिथून तो समाजकल्याणकडे जायचा आहे. हॉलतिकीट मात्र मिळाले. बचत गटाचे कर्ज काढावे लागले नाही.

ही भारत सरकार शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिच्यावर किती पिढ्या शिकल्या ते मोजता येणार नाही. आणखीही दारे आहेत. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपये अशी तिची आकारणी ठरली. स्थानिक रहिवाशाला ती मिळत नाही, पण गावाकडून येऊन तुमच्या खोलीवर राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांनी अवश्य चौकशी करावी. विद्यापीठात आणि कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. तीत ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करून मुलांना मोबदला मिळतो. झाडांना पाणी घालण्यात कमीपणा मानणारी काही मुले आम्ही पाहिली. त्यांच्या आया शेडमध्ये दहा तास उभ्या असतात.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. ज्यांच्या मुलांचे अर्ज अडकले असतील त्यांनी जातीचा दाखला, चालू सालचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार जोडलेले बँक पासबुक आणि ज्या नंबरवर निरोप येतो तो मोबाइल घेऊन यावे. मुलालाही बरोबर आणावे, कारण पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. आणि नोटिशीचा फोटो आणणार असाल तर सगळ्या पानांचा आणा.